व्यक्ती दिवंगत असल्यास

आमच्या महाडच्या घरात न्हाणीघर एकच होतं आणि त्याचे मालक दोन होते. सकाळी नऊपर्यंत ते आईचं. बंब पेटलेला असायचा, ओल्या लाकडांचा धूर कौलांत अडकायचा, आणि पाणी तापलं की आई आतूनच एकेकाच्या नावानं हाक मारायची. सुट्टीच्या दिवशी दुपारी मात्र ते माझं असायचं. मी खिडकीला घोंगडी ठोकायचो, दाराच्या फटीत जुनी पातळं कोंबायचो, लाल दिवा लावायचो आणि पाटावर तीन ट्रे मांडायचो. फोटो धुवायच्या हायपोचा वास घरभर पसरायचा. आईचं म्हणणं असं की तो वास आमटीला लागतो. अण्णा म्हणायचे, लागू दे, निदान कशाला तरी चव येईल. बाहेर पिठाची गिरणी चालू असायची, स्टँडवरच्या कर्ण्यातून पोलादपूर, खेड, बिरवाडी अशी नावं ऐकू यायची, दारावरून सुकट-बोंबीलवाली ओरडत जायची. मी मात्र अंधारात कोऱ्या कागदावर माणूस उगवायची वाट बघत उभा. आधी डोळे येतात, मग केस. नाक सगळ्यात शेवटी. आता माझ्या मुलीच्या मोबाइलमध्ये फोटो काढायच्या आधीच दिसतो, त्यामुळे ही वाट बघणं तिला समजावून सांगता येत नाही. मीही फार प्रयत्न करत नाही.

अण्णा शाळेत चित्रकला शिकवायचे. कॅमेरा त्यांचाच होता, पण तो माझ्या हातात दिल्यावर त्यांनी परत मागितला नाही. मी छापलेला प्रत्येक फोटो त्यांना दाखवायचो. ते तो उलटा धरायचे, डोकं खाली पाय वर, कारण माणसाचा चेहरा दिसला की रचना दिसत नाही असं त्यांचं मत होतं. मग "हं" म्हणून परत द्यायचे. त्या "हं"पलीकडे दोन-अडीच वर्षं काही आलं नाही. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. पुढे जे झालं ते एवढ्यासाठी झालं, म्हणून लिहितोय.

दर हिवाळ्यात, भाताची झोडणी उरकली की कापड्याहून भागामावशी यायची. आईच्या माहेरगावची, तिच्याबरोबर गुरं राखलेली, नात्याची कुणी नाही पण आमची मावशी. नवरा लवकर गेला होता, मुलगा मुंबईला. तांदळाची गोणी एस्टीच्या टपावर चढवून यायची, हातातल्या पिशवीत कुळीथ आणि एखादा भोपळा. गुडघे दुखायचे म्हणून आठ दिवस आमच्याकडे राहून रोज सकाळी सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडावर अंघोळीला जायची. ती आली की घरातला आवाज वाढायचा. ती भाकरीशीसुद्धा बोलायची. तव्यावरच्या भाकरीला म्हणायची, "फुग गो बाय, फुग, माणसं ताटावर बसल्यात." आणि भाकरी फुगायची. आई तोच तवा, तेच पीठ घेऊन बसायची, पण आईच्या भाकऱ्या अशा फुगायच्या नाहीत. तांदळाची ती भाकरी, वर सुकटीची चटणी, आणि मावशीचं गावातल्या सगळ्यांवर चाललेलं बोलणं. अण्णासुद्धा एरवीपेक्षा एक भाकरी जास्त खायचे.

त्या वर्षी तिला सवला घेऊन जायचं काम माझ्याकडे आलं. कॉलेजचं दुसरं वर्ष चालू होतं आणि माझं तसं काही अडत नव्हतं. थंडी होती. बायकांच्या कुंडावरून वाफ उठत होती आणि नदीकडून आलेल्या धुक्यात मिसळत होती. मी बाहेर दगडावर बसून कॅमेऱ्याशी चाळा करत होतो. मावशी अंघोळ करून, लुगडं नेसून बाहेर आली आणि समोरच्या पायरीवर बसली. केस मोकळे, ओले, पाठीवर पसरलेले. मी तिचे केस तोवर कधी बघितलेच नव्हते, डोक्यावर कायम पदर. तिनं डोळे मिटले, तोंड थोडं वर केलं. मागून वाफ आली. मी बटण दाबलं.

"काढलास काय रे?" तिनं डोळे न उघडता विचारलं.

मी हो म्हटलं.

"ह्यो कुणाला दावू नको हां. केस मोकळं हायत माझं."

"नाही दाखवणार, मावशी."

हे एवढंच बोलणं झालं. मग आम्ही टेम्पोत बसून घरी आलो आणि तिनं पोह्यांवर जास्तीचं खोबरं मागून घेतलं.

ती गावी गेल्यावर मी तो फोटो मोठा छापला. न्हाणीघरात तो ट्रेमध्ये उमटला तेव्हाच मला कळलं होतं की असा माझ्याकडून पुन्हा येणार नाही. अण्णांना दाखवला. त्यांनी सवयीनं उलटा धरला. मग सुलटा केला. बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "यात तुझा हात दिसतो." पुढे म्हणाले, "मावशीला विचारलंयस ना?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "मग प्रदर्शनात दे."

वाचनालयाच्या माडीवर कलादालन होतं. लांबट खोली, बाजाराकडे तीन खिडक्या, भिंतीला चित्रं टांगायला आडव्या तारा. वर्षातून एकदा तालुक्यातल्या लोकांची चित्रं आणि छायाचित्रं तिथं लागायची. अण्णा त्या प्रदर्शनाच्या समितीचे चिटणीस होते, पण दालन खरं चालायचं गणूदादांवर. ते झाडायचे, खिळे ठोकायचे, चित्रांखालच्या पट्ट्या लिहायचे. तिरप्या निबानं लिहिलेलं त्यांचं अक्षर असं की लोक चित्र सोडून पट्टी बघत उभे राहायचे. जिन्याच्या वर गावातल्या गेलेल्या मोठ्या माणसांच्या तसबिरी होत्या. गणूदादा रोज सकाळी कागदात गुंडाळलेली झेंडूची फुलं आणायचे, स्वतः ओवायचे, प्रत्येक तसबिरीला हार घालायचे, काचेवर गंधाचं बोट लावायचे आणि मगच खिडक्या उघडायचे. त्यांना हे कुणी सांगितलेलं नव्हतं.

प्रदर्शनाचा फॉर्म एक पानी होता. त्यात आठवा रकाना असा: छायाचित्रातील व्यक्तीची लेखी संमती जोडावी, व्यक्ती दिवंगत असल्यास तसे नमूद करावे. फॉर्म द्यायचा शेवटचा दिवस दुसऱ्या दिवशी होता. अण्णा चित्रकलेच्या परीक्षेचे पेपर तपासायला अलिबागला गेले होते, प्रदर्शन सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी यायचे होते. कापड्याला जायला वेळ नव्हता असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. वेळ होता. सकाळच्या गाडीनं जाऊन दुपारच्या गाडीनं परत येता आलं असतं. मी गेलो नाही, कारण ती नाही म्हणाली असती. मी आठव्या रकान्यात "दिवंगत" असं लिहिलं. मला वाटलं, तो शब्द फाइलीत राहील. फाइल कोण बघतं?

दोन दिवसांनी गणूदादा पट्ट्या लिहीत बसले होते आणि मी तारेला चित्रं अडकवत होतो. त्यांनी माझा फॉर्म पुढे धरला. "कोण रे ह्या बाई?"

म्हटलं, आईच्या गावच्या.

"कै. लिहू ना मग नावाआधी? बघ हां. एकदा शाई बसली की खाडाखोड दिसते."

त्यांनी निब दौतीवर टेकवून धरलं होतं. आज मी जे काही लिहितोय त्यातला सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा क्षण तो आहे. मला तेव्हा "थांबा" म्हणता आलं असतं. मी म्हटलं, "लिहा." अण्णा यायच्या आधी पट्टी काढून टाकू, एवढा हिशेब मनात केला होता.

पहिल्याच दिवशी निकाल लागला. छायाचित्रांत पहिलं पारितोषिक माझ्या फोटोला. आई कधी माडी चढायची नाही, तिनं घरीच साखर हातावर ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दालनात गेलो तर भागामावशीच्या फोटोला झेंडूचा हार घातलेला, काचेवर कपाळाच्या जागी गंध. नावाआधी कै. असलेला फोटो गणूदादांनी जिन्यावरच्या तसबिरींसारखाच धरला होता. वर मला म्हणाले, "तुझ्या फोटोला पण आजपासून घालतो हां." मी तो हार बघितला आणि मला काही वाटलं नाही. लोकांना वाटतं अशा वेळी माणसाच्या छातीत धडधडतं. माझ्या छातीत काहीतरी बंद पडल्यासारखं झालं, बाहेर सुरू असलेली गिरणी अचानक थांबावी तसं. तेव्हापासून ते तसंच आहे म्हटलं तरी चालेल.

त्याच दिवशी कापड्याचा एक माणूस बाजाराला आला होता. प्रदर्शन फुकट म्हणून वर चढला, फोटो बघितला, पट्टी वाचली आणि दुपारच्या गाडीनं गावी गेला. संध्याकाळी मावशी गोठ्यात असताना शेजारच्या बायका दारात रडत आल्या. ती शेणाचे हात घेऊन बाहेर आली तर एकजण किंचाळून मागे पडली. हे तिनंच आईला नंतर हसत सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिचा थोरला भाऊ वरच्या वाडीतून माणसं घेऊन यायला निघाला होता, त्याला वाटेवर गाठून माघारी पाठवलं आणि तिनं महाडची पहिली गाडी पकडली.

ती माडीवर आली तेव्हा मी, गणूदादा आणि नुकतेच स्टँडवरून बॅग घेऊन आलेले अण्णा, असे तिघं होतो. मी पट्टी काढायला म्हणूनच लवकर गेलो होतो. अण्णा माझ्याआधी पोचले होते. ते फोटोसमोर उभे होते आणि त्यांना काही समजत नव्हतं. मागून जिन्यावर मावशीचा दम लागल्याचा आवाज आला.

ती फोटोपुढे येऊन उभी राहिली. पदर नीट केला.

"बरा आलाय," ती म्हणाली. मग काचेवरच्या गंधाकडे बघून म्हणाली, "आमचे हे गेल्यापास्नं कपाळाला काय लागलं नव्हतं. मेल्यावर लावलंन कुणीतरी."

गणूदादांच्या हातातली खराट्याची मूठ खाली आली. त्यांच्या लक्षात आलं. अण्णांनी पट्टीवर बोट ठेवून विचारलं, हे कुणी लिहिलं. गणूदादा म्हणाले, "अक्षर माझं हाय, मास्तर. फॉर्मात होतं तसं लिहिलं. ह्याला इचारलंपण होतं."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत अजून तो "यात तुझा हात दिसतो" होता.

"मी असं काही लिहिलं नाही," मी म्हटलं.

अण्णा सरळ माणूस. त्यांनी ना मला खोटं ठरवलं ना गणूदादांना. मलाच म्हणाले, "जा, खालच्या टेबलातली फाइल घेऊन ये." मी खाली गेलो, फाइल काढली आणि जिन्याच्या वळणावर, जिथं वरूनही दिसत नाही आणि खालूनही, तिथं माझा फॉर्म ओढून काढला. त्याच्या चार घड्या करून तो शर्टाच्या खिशात ठेवला. मग वर जाऊन फाइल अण्णांच्या हातात दिली. त्यांनी ती दोनदा चाळली.

"सुधीरचा फॉर्मच नाही यात, गणपतराव."

मला आठवतं तेव्हापासून अण्णा त्यांना गणूदादाच म्हणत होते. त्या दिवशी गणपतराव म्हणाले. गणूदादांनी फाइलीकडे बघितलं नाही. माझ्या खिशाकडे बघितलं. मग हातातला खराटा भिंतीला टेकवून म्हणाले, "मग माझंच चुकलं असंल."

मावशीनं मला हार काढायला सांगितलं. मी काढला. ती म्हणाली, टाकू नको, फुलं ताजी हायत, आणि तो स्वतःच्या पिशवीत ठेवला. अण्णा तिची माफी मागत होते. तिनं त्यांना थांबवलं. म्हणाली, यात काय एवढं. आमच्याकडं कुणाच्या डोक्यावर कावळा बसला की त्याच्या मरणाची खोटी बातमी पै-पाहुण्यांना धाडतात. ते रडले की दोष जातो आणि माणूस आणखी जगतो. "गावात सांगते, कावळा शिवला व्हता म्हणून मीच उठवली बातमी. भाऊ बी रडला माझा, चांगलं झालं." आणि तिनं तसंच सांगितलं. कापड्यात सगळ्यांना ते पटलं. आजही तिकडं विचारलंत तर कावळ्याचीच गोष्ट ऐकायला मिळेल.

मी तिला पोचवायला जिना उतरलो. त्याच वळणावर ती गुडघ्यावर हात ठेवून थांबली.

"मी तुला नको म्हटलं व्हतं ना रे?"

"हो."

"मग झालं," ती म्हणाली आणि एकेक पायरी उतरत खाली गेली.

कावळ्यानं मला वाचवलं. गणूदादांना वाचवायला कुठला कावळा नव्हता. समितीची बैठक झाली, फार बोलणं झालं नाही, पुढच्या महिन्यापासून दालनाची किल्ली दुसऱ्याकडे गेली. अण्णांनीच ती मागून घेतली, आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत. जिन्यावरच्या तसबिरींचे हार वाळून तसेच राहिले. आईनं सगळं ऐकून घेतलं होतं. एका दुपारी मला वाढताना ती म्हणाली, "गणूदादांचं अक्षर मी लग्न होऊन आल्यापासून बघतेय. ते विचारल्याशिवाय काही लिहीत नाहीत." एवढं बोलून तिनं भातावर आमटी वाढली. मी जेवलो. पुढच्या हिवाळ्यात मावशीची तांदळाची गोणी आली, ती आली नाही. गुडघ्यांचं दुसरीकडं बघतेय असा निरोप होता. मी न्हाणीघराची घोंगडी काढली. अण्णांनी का म्हणून विचारलं तेव्हा परीक्षा आहेत म्हटलं. त्यांच्या दृष्टीनं गणूदादांच्या चुकीमुळे मुलाचं मन मोडलं होतं. बऱ्याच वर्षांनी तोच समज घेऊन ते गेले.

मला पुढे बँकेत नोकरी लागली, बदल्या झाल्या. खेडला असताना कळलं की गणूदादा तिथंच मुलीकडे राहतात, दुकानांच्या पाट्या आणि गाड्यांचे नंबर रंगवतात. एका रविवारी गेलो. ठरवून गेलो. त्यांच्या बोटांना रंग होता, डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांनी चहा करायला लावला, बशीत बिस्किटं ठेवली आणि विचारलं, "अण्णा कसे हायत?" मी म्हटलं, बरे आहेत. "फोटो काढतोस काय अजून?" म्हटलं, नाही. "काढावास," ते म्हणाले. "चांगला होता तो." मी चहा संपवला. कप आत नेऊन विसळला. आणि परत आलो. पुढच्या पावसाळ्यात ते वारले. मला त्या भेटीचं वाईट वाटतं का, असं बायकोनं एकदा विचारलं, तिला मी एवढाच भाग सांगितला होता. मी विचार करून सांगितलं की कळत नाही. ते खरं होतं.

भागामावशी खूप जगली. ती गेली तेव्हा तिचा मुलगा घरभर फोटो शोधत होता. मी दबकत म्हटलं, माझ्याकडे एक आहे. तो कसंनुसं हसला. म्हणाला, आयनं सांगून ठेवलंय, त्याला एकदा हार घातलेला हाय, दुसरा बघा. शेवटी निवडणुकीच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून लावला. त्यात तिचे डोळे नीट दिसत नाहीत आणि पदर पार कपाळापर्यंत आलाय. तोच हार घालून भिंतीवर आहे.

गेल्या महिन्यात कलादालनातून फोन आला. माडी नवी केली आहे, दिवे बदललेत, जुन्या पारितोषिकप्राप्त छायाचित्रांचं प्रदर्शन भरवायचं आहे, तुमचा फोटो द्याल का. मी फॉर्म मागवला. मोबाइलवर आला. रकाने बदललेत, पण संमतीचा आहे, आणि त्याच्यापुढे चौकोन करून "हयात" आणि "दिवंगत" असं आता छापूनच येतं. माझं वय आज तेव्हाच्या मावशीएवढं. दिवंगतवर खूण करायला आता काहीच हरकत नव्हती. मी केली नाही.

दुसऱ्या दिवशी माडीवर गेलो. जिन्याचं वळण तेच आहे, कठडा स्टीलचा आलाय. टेबलाशी एक मुलगी बसली होती, दालनाचं काम आता तीच बघते. तिनं सर म्हणून खुर्ची दिली आणि फोटो कुठे आहे विचारलं.

"फोटो नाही आणला. त्या बाईंनी नको म्हटलं होतं."

ती थोडी गोंधळली. "मग सर, फॉर्म?"

मी पाकीट उघडलं. फोटोच्या कागदांच्या जुन्या डब्यात, काळ्या वेष्टनात तो तेव्हाचा फॉर्म इतकी वर्षं राहिला, त्यामुळे पिवळाही फारसा झालेला नाही. फक्त चार घड्यांच्या रेघा आहेत. तिनं तो टेबलावर उघडून सरळ केला, आठव्या रकान्यापर्यंत वाचला आणि माझ्याकडे बघितलं. हे अक्षर कुणाचं, असं तिनं विचारलं. माझं, मी म्हटलं.

"पण हा तर फार जुना आहे, सर. याचं काय करायचं?"

"तेव्हाच्या फाइलीत लावायचा राहिला होता."

तिनं कपाटातून धुळीनं भरलेली ती फाइल काढली. दोरी सोडली. पंचिंग मशीन जवळ ओढून फॉर्मच्या कडेला दोन भोकं पाडली आणि तो जागेवर लावला. मग मला नाव विचारलं. जमा करणाऱ्याचं नाव लिहावं लागतं, म्हणाली. मी सांगितलं.